आग सोडून येता येत नाही

९ जानेवारी

सप्रेम नमस्कार वगैरे काही लिहीत नाही. लिहिलं तरी दोघांपैकी कुणाला खरं वाटणार नाही.

कामापुरतं लिहिते. अंगणातलं तुमचं मांस शिजवायचं इंजिन विकायला काढलंय आणि गिऱ्हाईकही लागलंय. लोखंडी लांब पिंप, त्याच्या एका कुशीला जोडलेली आगीची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं, एवढं त्याला डोळ्यांनी दिसतं. पण आग एका बाजूला आणि मांस दुसऱ्या बाजूला ठेवून नुसत्या धगीवर आणि धुरावर ते दिवसभरात शिजतं कसं, हे त्याला कळत नाही. तुमच्यासारख्या वेल्डरने स्वतःच्या डोक्याने बनवलेली वस्तू, तिच्याबरोबर माहितीचं पुस्तक थोडंच येतं. तरी पेटवण्यापासून उतरवण्यापर्यंत सगळं लिहून पाठवावं. फोन करू नये. तुमचा आवाज ऐकायची माझी तयारी नाही, म्हणून तर कागद घेऊन बसलेय.

आज पाच वर्षांनी त्याचं झाकण उचललं. कशाला उचललं असं झालं. जाळीवर चरबीचा काळा थर, त्यावर पांढरी बुरशी, बुरशीवर उंदरांचं घर, आणि घर कशाचं, तर माझ्याच लाँड्रीतल्या चिंध्यांचं. खाली चरबी गोळा व्हायची ती बादली तुम्ही जाताना रिकामी केली नव्हतीत. त्यात काय काय बुडून मेलंय ते मी मोजलं नाही, पण एकाला शेपटी होती. मी मागच्या भिंतीपाशी जाऊन ओकले आणि हात कोपरापर्यंत तीनदा धुतले. मांस मी आयुष्यात तोंडात घातलेलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. बावीस वर्षं त्याचा वास मात्र सक्तीने घेतला.

पाकीट चिकटवायच्या आधी पुन्हा पेन उचलतेय. वरचं गिऱ्हाईक खोटं आहे. खोटं बोलायची सवय तुम्हाला, मला ते एक पान पण निभावत नाही.

मुलीचं लग्न ठरलंय. २६ एप्रिलला, इथेच अंगणात, साठ माणसं. परवा जेवताना तिने जाहीर केलं, की लग्नाच्या जेवणात तिला इंजिनचं मांस हवंय, ते बाबांशिवाय कुणाला जमत नाही, म्हणून बाबांना बोलवायचं. तुम्ही आलात की तुमच्या पाठोपाठ, जिच्यासाठी घर सोडलंत ती काचवालीही येणार, माझ्या अंगणात उभी राहून माझ्या लेकीला आशीर्वाद देणार. मी म्हटलं, मांसच हवंय ना, मी करते. ती हसली. हसली म्हणून मी इरेला पेटले. शेवटी ठरलं ते असं: लग्नाच्या आधी मी तिला ते जमवून दाखवलं तर तुम्हाला आमंत्रण नाही. नाही जमलं तर ती तुम्हाला फोन करणार.

तेव्हा मला शिकवा. तुम्हाला लग्नाला बोलवायला लागू नये म्हणून, तुम्हीच मला शिकवा. हे लिहिताना माझी मलाच शिसारी येतेय, पण दुसऱ्या कुणाला विचारू.


२१ जानेवारी

तुमचा कागद मिळाला. वर्कशॉपच्या बिलबुकाचं पान, पाठच्या कोऱ्या बाजूला लिहिलेलं, कोपऱ्यात ग्रीसचा अंगठा. भट्टीतून कपडे काढायच्या चिमट्याने धरून वाचला.

शिकवायला लगेच तयार झालात याचं नवल वाटलं. "पोरीला चांगलं खायला मिळू दे" असं लिहिलंय तुम्ही. एवढा उदारपणा पाच वर्षांत कुठे ठेवला होता देव जाणे. असो. तुमच्या सूचना भिंतीला लावल्यात. लाकूड वाळलेलं, मनगटाएवढं जाड, त्याहून नाही. आधी निखारे, मग दर पाऊण तासाने एक लाकूड. धुराडं पूर्ण उघडं. झाकणावरचा उष्णतेचा काटा एकशेवीसवर स्थिर झाला की मांस ठेवायचं, आणि आगीपासून हलायचं नाही. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्यात. ते वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे.

पण तुमचा कागद यायच्या आधीच मी एक घोळ करून बसले होते. इंजिन मी धुतलं. चार दिवस धुतलं. धुण्याचा सोडा, उकळतं पाणी, तारेचा ब्रश, पुन्हा सोडा. काळं दिसलं की घासायचं, हे माझ्या हाताला सांगावं लागत नाही. चरबी सुटायला लागली तेव्हा साबणाच्या पाण्यातून तिचे तांबूस गोळे वर यायचे आणि हातमोज्याला चिकटायचे. रात्री जेवताना भातावर तूप घातलं आणि ताट सरकवून उठले. चौथ्या दिवशी इंजिन आतून चांदीसारखं चकचकीत झालं. मला तर ते कुणा शेजारणीला दाखवावंसं वाटलं. पाचव्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर आत तांबडा गंज, कडेपर्यंत.

हे वाचून आता हसू नका. तो काळा थर म्हणजे घाण नव्हे, लोखंडावर भाजून बसलेलं तेल असतं, तेच त्याला जपतं, हे आता मला खाटकाने सांगितलं. त्याच्या दुकानात मी नाकाला रुमाल लावून उभी होते, आणि तो सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा बेताने विचारत होता, की बाई, तुम्ही तवाही सोड्याने धुता का. मग घरी येऊन आतून तेल चोपडलं आणि दोन दिवस इंजिन रिकामंच तापवलं. लाँड्रीत आता कपड्यांपेक्षा मलाच जास्त वास येतोय.


४ फेब्रुवारी

पहिला प्रयत्न केला. डुकराचा सहा किलोचा खांदा.

मांस हातात घेतल्यावर पहिल्यांदा काय वाटलं ते सांगू का? ते थंड होतं आणि मऊ होतं, आणि दाबलं की परत वर येत होतं. कातडीवर एके ठिकाणी दोन केस राहिले होते. मी ते चिमटीने उपटले आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मीठ-मिरपूड चोळायची म्हणजे त्याला अंघोळ घातल्यासारखं सगळीकडून हात फिरवायचा. हे काम तुम्ही शीळ घालत करायचात, आणि त्याच हाताने मुलीच्या गालाला हात लावायचात.

सकाळी साडेपाचला पेटवलं. दिवसभर काटा एकशेवीसवर राखला. संध्याकाळी कापलं तर बाहेरून तपकिरी आणि आत गुलाबी, ओलं, रक्त सुटलेलं. होणारा जावई बिचारा सभ्य घरातला, त्याने एक तुकडा तोंडात ठेवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. मुलगी म्हणाली, फोन करू का? मी तिला म्हटलं, अजून पावणेतीन महिने आहेत, फोन जागेवर ठेव.

कुठे चुकलं ते कळवा. मी काट्यावरून नजर हलवली नव्हती.


१३ फेब्रुवारी

म्हणजे झाकणावरचा काटा खोटा आहे. वरच्या बाजूला जास्त गरम असतं, खाली जाळीपाशी तो दाखवतो त्यापेक्षा वीस डिग्री कमी. "मला पाठ होतं, त्यामुळे कधी बदलला नाही." किती सहज लिहिलंत. बावीस वर्षं अंगणात एक खोटा काटा लावलेला होता, आणि त्यातून किती वजा करायचं हे फक्त तुम्हाला माहीत होतं.

तर आता वीस डिग्री वर धरून दुसरा खांदा लावला. या वेळी मांसात खुपसायची सुई आणली. सकाळपासून आकडा बरा चढत गेला, पासष्टला आला आणि थांबला. एक तास, दोन तास, अडीच तास. सुई ढिम्म हलेना. आग नीट, काटा नीट, आणि मांस मेल्यासारखं पडलेलं. मेलेलंच होतं म्हणा. तुम्हाला लिहून विचारायचं तर उत्तर आठ दिवसांनी येणार. मी स्टुलावर बसून विचार करत राहिले आणि एकदम डोक्यात उजेड पडला.

ओल्या कपड्यावर इस्त्री फिरवली तर कपडा जळतो का? नाही. आधी पाणी वाफ होऊन जातं, सगळी धग त्या पाण्यालाच लागते. पाणी संपेपर्यंत कपडा तापतच नाही. पाणी संपलं की मग मात्र क्षणात तापतो. मांसाचंही तेच. त्याला घाम सुटला होता, आणि तो घाम त्याला थंड ठेवत होता. हे कळल्यावर मी आगीत एक लाकूड घातलं आणि निवांत चहा प्यायले. तासाभराने आकडा चढायला लागला. हे मला तुम्ही शिकवलेलं नाही. हे मला माझ्या इस्त्रीने शिकवलं, याची नोंद घ्यावी.

झालं की नाही हेसुद्धा मी न चाखताच ओळखलं. जाड टॉवेल बाहेरून वाळला तरी आतून ओला आहे का, हे बोटाला कळतं. तसंच दाबून बघितलं. मऊ लागलं. हाताची किळस आली ती आलीच, पण बोट खोटं बोललं नाही. मुलगी म्हणाली, बरं आहे, जरा कोरडं झालंय. फोनचं नाव तिने काढलं नाही.

एकच अडचण आहे. दर पाऊण तासाने उठायचं म्हणजे माझ्या धंद्याचे तीनतेरा. भट्टीवर कपडे, समोर गिऱ्हाईक, आणि मी काजळीच्या हाताने अंगणातून धावतेय. लॉजच्या चादरी आहेत, दातांच्या डॉक्टरांचे पांढरे कोट आहेत. तुम्ही शनिवारी दिवसभर इंजिनपाशी असायचात ते खरं, पण तुम्हाला दुसरं काम नव्हतं. आगीकडे जरा कमी लक्ष द्यावं लागेल असा काही उपाय असेल तर कळवा.


२७ फेब्रुवारी

तुमचा उपाय आला. सांगितल्याप्रमाणे उद्या करून बघते. उद्या दोरीवर लॉजच्या चोवीस चादरी असणार आहेत, म्हणून दिवसभर मोकळीक मिळाली तर बरंच. घाईत आहे.


१ मार्च

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतेय. पहिली दोन भट्टीत टाकली.

तुझा कागद समोर आहे. हो, तुझा. बावीस वर्षं अहो-जाहो केलं, नंतरची पाच वर्षं पण लोकांसमोर "हे" म्हणत आले. आता मला ते जमणार नाही.

तू लिहिलंयस: "मग जाड ओंडका टाक, मांडीएवढा. पेटीची झडप बोटभर उघडी ठेव, धुराडं अर्धं लाव. आग धुमसत राहते. चार तास बघायला नको. मी तेच करायचो."

मी तेच केलं. काल सकाळी दहाला ओंडका टाकला, झडप लावली, आत जाऊन इस्त्रीला उभी राहिले. अकराच्या सुमाराला लघवीला म्हणून बाहेर आले तर धुराड्यातून पांढरा, जाड, लोकरीसारखा धूर. वर जात नव्हता. खाली अंगणात लोळत होता. चोवीसच्या चोवीस चादरी त्यात उभ्या होत्या. मी धावत जाऊन पहिली चादर नाकाला लावली.

तो वास मला ओळखीचा होता. कडू, डांबरासारखा, घशात बसणारा. दर रविवारी सकाळी मी हाच वास नाकाला लावून उठायचे. दर शनिवारच्या चादरी रविवारी पुन्हा धुवायचे. लॉजचा मॅनेजर गठ्ठा परत आणून टाकायचा, बाई, पाहुणे म्हणतात इथे रात्री कुणी जळलं होतं का. मी तुला म्हणायचे, धूर जरा कमी करता येईल का? आणि तू म्हणायचास, धूर हा असायचाच, धुराशिवाय चव येत नाही.

गेल्या दोन खेपांना मी दर पाऊण तासाने लाकूड घातलं होतं. त्या दोन्ही दिवशी दोरीवर कपडे होते. डॉक्टरांचे कोट होते. वास लागला नाही. मला तेव्हा ते लक्षातही आलं नव्हतं. आग नीट पेटलेली असली तर धूर निळसर, इतका पातळ की बघायला मान वाकडी करावी लागते. पांढरा धूर कधी निघतो हे आता मला माहीत आहे. आगीपाशी कुणी नसतं तेव्हा.

तू आगीपाशी नव्हतास. दर शनिवारी दहा ते दोन तू ओंडका टाकून, झडप लावून, मागच्या दाराने जायचास. काचवालीचं दुकान दोन गल्ल्या मागे. पाच वर्षांपूर्वी घर सोडून जाताना तू मला सांगितलं होतंस, की हे सगळं गेल्या सहा महिन्यांतलं आहे. माझ्या नाकात ते वर्षानुवर्षं आहे. मी ते धूत होते. तुम्हा दोघांचे चार तास मी दर रविवारी सोड्यात बुडवून, दगडावर आपटून, नीळ घालून, पुन्हा पांढरे करत होते.

आणि आता तो दिवस. माझी आई गेली तो. शनिवार होता. निरोप आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. तू इंजिनपाशी उभा होतास, हाताला मीठ लागलेलं. मी म्हटलं, चला. तू म्हणालास, "आग सोडून येता येत नाही." मी सात वर्षांच्या पोरीचा हात धरून एकटी बसने गेले. तिथे माझा भाऊ तोंड वाकडं करून म्हणाला, जावई आले नाहीत? आणि मी तुझी बाजू घेतली. आईच्या उशाशी बसून मी भावाला समजावलं, की आगीचं काम असतं, मध्येच सोडता येत नाही, त्यांचा नाइलाज आहे.

दुसऱ्या दिवशी परत आले. निघताना दोरीवर घातलेले कपडे तसेच होते. काढले आणि त्यांना वास होता. हाच वास. मी सुतकाच्या दिवशी ते सगळे पुन्हा धुतले. रडत धुतले, पण आईसाठी रडतेय असं समजून.

कालचं ते तुझं मांस आज दुपारी उघडून बघितलं. वर काळा चिकट थर, बोट लावलं तर निघेना. मी ते सगळंच्या सगळं कुत्र्यांना घातलं. एक कुत्रं वास घेऊन निघून गेलं.

एकच विचारते. किती वर्षं?


१८ मार्च

एकोणीस.

आकडाच लिहिलास ते एक बरं केलंस. म्हणजे आई गेली त्याच वर्षापासून. कदाचित तो पहिलाच शनिवार असेल. मी ते विचारणार नाही, आणि तू ते सांगू नकोस.

खाली तू लिहिलंयस, "पोरीला कळू देऊ नकोस. तिच्या मनात मी आगीपाशी उभा आहे, तेवढा राहू दे." या कागदाला मी चिमटा लावला नाही. हातानेच धरला, कारण आता त्याहून घाण काही माझ्या हाताला लागायची राहिलेली नाही.

खरं सांगते, मला आनंद झाला. एका वाक्याचं काम होतं. तिला जवळ बसवायचं, आजी गेली त्या दिवसाची आठवण आहे का विचारायचं, आणि सांगून टाकायचं. तू जन्मात या दारात आला नसतास. मांस जमो की न जमो. मी ते वाक्य तीन दिवस तोंडात घोळवलं. इस्त्री करताना मोठ्याने म्हणूनही बघितलं.

मग काल शेवटचा प्रयत्न होता. सकाळी साडेपाचला पेटवलं, लाँड्रीला कुलूप लावलं आणि स्टूल घेऊन बसले. मनगटाएवढं लाकूड, दर पाऊण तासाने, पुढचं लाकूड पेटीवर ठेवून आधीच गरम केलेलं. घालताच ज्वाळा धरली पाहिजे, धुमसता कामा नये. चुकून एकदाही उठले नाही असं नाही, पण घड्याळ गळ्यात बांधलं होतं. डोळ्यांतून पाणी, भुवया करपलेल्या, पदराला दोन भोकं. दोरीवर मी मुद्दाम पांढऱ्या चादरी घातल्या होत्या, धुराड्यापासून दहा पावलांवर. दर तासाला जाऊन वास घेत होते. साबणाचा वास होता, बाकी काही नाही. म्हणजे बावीस वर्षं हे दोन्ही धंदे एका अंगणात गुण्यागोविंदाने चालले असते. फक्त तू उभा राहायला हवा होतास.

बारा तासांनी उतरवलं. तास-दीड तास कापडात गुंडाळून ठेवलं. हाड धरून ओढलं तर स्वच्छ, पांढरं, हातात आलं. मला ते बघून मळमळलं आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम. होणाऱ्या जावयाने तीनदा वाढून घेतलं, बोटं चाटली, आणि मग माझ्याकडे बघून लाजला.

मुलीने सावकाश खाल्लं. मी समोर उभी होते. ती म्हणाली, "आई, बाबांपेक्षा चांगलं झालंय. मऊ आहे, रसरशीत आहे." मग म्हणाली, "फक्त ती कडसर चव नाही गं. ती कशी यायची?"

ती चव कशी यायची ते मला माहीत होतं. केवढा ओंडका, केवढी झडप, कुठलं दार. माझ्या लेकीला तुझ्या गैरहजेरीची चव आवडते. ती तिला तुझ्या हातची वाटते. ओठावर आलेलं वाक्य मी गिळलं, आणि सांगते, आजवर इतकं ओंगळ काही मी गिळलेलं नाही.

ती शब्दाची पक्की आहे. ताट उचलताना म्हणाली, "तू जिंकलीस. नाही बोलवत बाबांना." आणि मोरीत जाऊन भांडी घासायला बसली. चार माणसांची भांडी तिने तासभर घासली, नळ सुरू ठेवून. ती अशी का घासत होती, हे मला कुणी सांगायला नको. मीही तशीच घासते.


५ एप्रिल

हे आमंत्रण समज. दुसरं छापील येणार नाही.

मी तिला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तुझ्यासाठी नाही, एवढं स्पष्ट लिहून ठेवते. तिच्या मनात बाप दिवसभर आगीपाशी उभा आहे. तो तिथे कधीच नव्हता. ते खोटं आहे हे तिला सांगायचं, की ते एक दिवस तरी खरं करून घ्यायचं, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता. पंधरा दिवस मी त्यावर रोज चिडले आणि शेवटी हे ठरवलं. तिला म्हटलं, साठ माणसांचं मला एकटीला झेपणार नाही, तुझ्या बाबांना बोलव. ती काय म्हणाली ते तुला कळायची गरज नाही.

काचवालीने यायचं नाही. यावर चर्चा नाही.

२६ तारखेला पहाटे पाचला मागच्या दाराने ये. ते दार तुझ्या पायाखालचं आहे. सहा खांदे मीठ लावून तयार असतील, मी लावून ठेवीन. लाकूड मनगटाएवढं फोडून रचलेलं असेल. अंगणात एकही ओंडका शिल्लक नाही, मी सगळे देऊन टाकलेत. धुराड्याची झडप मी काढून घेतलीय, तेव्हा ते अर्धं लावायचा प्रश्न येत नाही. झाकणावरचा काटा बदललाय. आता तो जे असेल तेच दाखवतो. डब्यात पाणी आणि भाकरी ठेवीन. स्टूल नसेल.

लग्न दुपारी चारला, तिथेच समोर, वीस पावलांवर. इंजिनपासून सगळं दिसतं. पण त्या वेळी लाकूड घालायची वेळ झाली असेल, तर आधी लाकूड घालायचं. कुणी बोलवायला आलं तर काय सांगायचं ते तुला पाठ आहे. या वेळी ते खरं असेल.

जेवणाच्या टेबलांसाठी पंधरा पांढरे टेबलक्लॉथ आणलेत. त्याच दिवशी सकाळी मी ते धुणार आहे आणि नेहमीच्या दोरीवर, धुराड्यापासून दहा पावलांवर, वाळत घालणार आहे. दुपारी दोनला काढीन. एकेक घडी घालताना वास घेईन.